घोडीचा शनिवार

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायची भीती उरली नाही. मला अक्षर येत नाही, शाळेत तुम्हीच घातलं नाहीत. तेव्हा मी बोलते आणि नात लिहिते. मधेच ती हसते, तेवढं लिहू नको म्हटलंय.

आपल्या तांबड्या घोडीला खाज सुटली ते वर्ष सारखं डोळ्यांपुढे येतं. स्वराज्य आलेलं होतं, एस.टी. अजून रेवदंड्याच्या रस्त्याला लागायची होती, आणि तुमचा टांगा मारुतीच्या देवळासमोर उभा असायचा. घोडीच्या मानेवर, पोटाखाली पित्ताच्या असाव्यात तशा लाल गांधी उठायच्या. कुडाला अंग घासून घासून ती रक्त काढायची. आणि डोकं असं फिरलेलं की पान हललं तरी उधळायची. एकदा दोन बायकांना घेऊन सुरूच्या बनात शिरली. टांगा झाडाला अडकला म्हणून त्या वाचल्या. मग कोणी टांग्यात बसेना. आई म्हणाली, "अवो, ते जनावर न्हाय, वादळ हाय. द्या त्या उरणच्या मानसाला." तो एकदा येऊन विचारून गेला होता, मिठागरावर गोणी वाहायला त्याला घोडी हवी होती. सोललेल्या अंगावर मिठाची गोण. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत.

अलिबागच्या गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं, हरभरा बंद, गूळ बंद, नुसतं गवत आणि पेंढा, तेही धूळ काढून. तेव्हापासून तुम्ही विहिरीवर बसून गवत धुताय. आई तांदूळ धुते तसं, पाणी नितळ येईपर्यंत. बायका घागरी घेऊन खोळंबल्यात. "भाऊ, आता फोडनी पन द्या की तिला," एक जण म्हणते. तुम्ही मान वर करत नाही.

गांधी बसत आणि शनिवार गेला की पुन्हा उठत. कारण कळलं तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. देवळातून निघणारा जो तो हरभरे-गुळाचा प्रसाद आधी घोडीच्या तोंडात घालायचा, मग स्वतःच्या. आता प्रसादाला नको कसं म्हणायचं? जन्मात कधी थट्टा न केलेले तुम्ही, सगळ्यांसमोर म्हणालात, "आज तिचा शनिवार हाय. उपास धरलाय तिनं."

लोकांनी हात जोडले, बाबा. घोडीला. आणि पुढच्या शनिवारी तिच्यासाठी उपासाचं घेऊन आले. भाजलेले शेंगदाणे, रताळी; एक म्हातारी तर वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन. तुम्ही आडवे गेलात तर तीच तुमच्यावर डाफरली, "तू सर बाजूला. व्रत तिचं हाय, तुजं न्हाय." संध्याकाळी घोडीची मान सुजून आली, आणि तुम्ही गोठ्यात तिच्यापाशी उकिडवे बसून राहिलात.

देवळापुढची जागा तुम्ही सोडलीत. खाडीच्या तोंडाशी उभे राहू लागलात, जिथं नुसती मासळी वाळत पडलेली. तिथं घोडीला कोणी काही देईना, आणि तुम्हालाही. गिऱ्हाईक सगळं देवळाशी. घरात पेजेतला भात शोधावा लागे. आई पातेली आपटायची, तुम्ही गवत धूत राहायचात. आणि ती बरी होत गेली. मानेवर मखमलीसारखे नवे केस आले. शेजारून बैलगाडी खडखडत गेली तरी नुसता कान हलवून उभी.

होळीनंतर उरणचा माणूस पुन्हा आला. तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "गरीब हाय हो जनावर." आपली चूल तेव्हा एक वेळ पेटत होती. तुम्ही दावं त्याच्या हातात दिलंत. पहिल्यासारखी असती तर लाथ घातली असती तिनं, खुंटा उपटला असता. शहाणी झाली होती ना, निमूट गेली. तुम्ही वेशीपर्यंत त्याच्या मागून सांगत चाललात, "हरभरा नको. गूळ तर न्हायच. गवत धुऊन घाल, इसरू नको." तो व्हय व्हय करत होता. मिठागरावर गवत धुवायला गोडं पाणी कुठलं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

हा कागद कुठे धाडायचा नाही, घडी करून ठेव म्हटलंय. पण नात आज विचारते, पणजोबा दिसायला कसे होते. तुम्ही वेशीवरून परत फिरलात तेव्हा मी दारातच होते, बाबा, पण बघत होते तुमच्या मागे, ती जात होती तिकडे. तिचा एकेक पाय कसा पडत होता ते मी सांगू शकते. तुमचा चेहरा मला आठवत नाही.