एक थाऊही इकडेतिकडे नाही

५ ऑक्टोबर, रविवार
निर्णय झाला. या वर्षी ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्या घरीच ओतायच्या. विकतच्या गोळ्या बंद. डब्यावर 'अचूक' छापलेलं असतं, पण छापणाऱ्याने गोळी मोजलेली नसते. मी एकोणीस वर्षं काउंटीतल्या दुकानांचे काटे आणि पेट्रोलचे पंप तपासतोय. मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

निमित्त असं की शिकारीच्या हेमलॉक कॅम्पवर खिडकीजवळचा बंक, म्हणजे मेंबराचा कायमचा पलंग, रिकामा झालाय. त्यावर झोपणारा वॉल्ट ऑगस्टमध्ये वारला. बिचारा. बंक फार चांगला आहे.

सहा वर्षं मी तिथे नाताळानंतरच्या ठासणीच्या हंगामात पाहुणा म्हणून जातोय. पाहुण्याने सरपणाच्या ढिगाशेजारी घडीच्या खाटेवर झोपायचं आणि सगळ्यांची भांडी घासायची. मेंबर व्हायचं तर कॅम्पचा प्रमुख क्लेटन रीगल याचा नियम: हरीण मारून आणा, नाहीतर हरणावर बार काढून चुका. चुकलेल्याच्या शर्टाचा मागचा सोगा सुरीने कापतात, त्यावर नाव-तारीख लिहितात आणि भिंतीवर ठोकतात. म्हणजे चुकलेलाही मेंबर! भिंतीवर तेवीस सोगे आहेत, त्यातले दोन खुद्द क्लेटनचे.

मी सहा वर्षांत एकही बार काढलेला नाही. खात्री झाल्याशिवाय मी चाप ओढत नाही. कॅम्पचा जुना मेंबर मर्ल याला वेगळा शब्द वापरतो. माझा सोगा त्या भिंतीवर कधीच लागणार नाही. मी मेंबर होईन तो हरीण घेऊन.

११ ऑक्टोबर, शनिवार
पहिली घाणी. टायरच्या दुकानातून चाकाला लावायच्या वजनांची बादली फुकट मिळाली. कडक, चकचकीत शिसं. कडक ते चांगलं.

स्वयंपाकघरात वितळवायला घेतलं तोच बायको, अर्लेटा, चर्चमधून परत आली. बरंच बोलली. सारांश: जिथे आपण नूडल्स खातो तिथे शिशाचा धूर नको, आणि ॲपल बटरचं, म्हणजे सफरचंदाचा मुरंबा आटवायचं, भांडं आता तुझंच, मला परत देऊ नकोस. एवढं मोठं भांडं आपणहून दिलं. मनाने उदार आहे.

संध्याकाळी गॅरेजमध्ये चाळीस गोळ्या ओतल्या. अकरा सुरकुतल्या, पाच पोकळ, एक हुबेहूब दाढेसारखी. साचा तापला नव्हता, म्हणजे दोष साच्याचा.

१९ ऑक्टोबर, रविवार
मोजमाप. सगळ्या गोळ्या तीन थाऊ जास्त भरल्या. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लोक हसतात, पण जग थाऊवर चालतं.

तीन थाऊ म्हणजे काही फार नाही, असं समजून एक गोळी नळीच्या तोंडात बसवली आणि अर्लेटाच्या मांस कुटायच्या हातोडीने हाणली. दोन इंच आत गेली आणि रुसली. पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी शेजारच्या लोवेल हेफरला बोलवावं लागलं. हा चाळीस वर्षं प्लंबर होता, त्यामुळे शिशाबद्दल त्याला मतं आहेत. गजाच्या टोकाला स्क्रू लावून त्याने दोन तासांनी ती उपटून काढली. मग माझ्या एका गोळीवर नख ओढून पाहिलं. ओरखडा उठला नाही.

म्हणाला, हे शिसं टायरचं आहे, टायरलाच लाव. ठासणीला मऊ शिसं लागतं, बार उडाला की ते फुगतं आणि नळीतल्या आट्यांना धरून सरळ जातं. मी नम्रपणे सांगितलं की आता जमाना बदललाय. तो म्हणाला, तुझी बंदूक चकमकीच्या ठिणगीने पेटते, तू कुठल्या जमान्याबद्दल बोलतोयस?

प्लंबर लोकांशी वाद घालत नाही मी.

१ नोव्हेंबर, शनिवार
मापाची कडी आली. पोलादी कडी आणि तिच्यातून गोळी दाबायचा दांडा. जास्तीचं शिसं सोलून निघतं आणि गोळी नेमक्या मापाची बाहेर पडते. साठ गोळ्या काढल्या. जेवायला यायचं विसरलो. अर्लेटाने आठवण केली नाही.

दुपारी खडीच्या खाणीत चाचणी, पन्नास पावलांवर. ठासणीचं काम सोपं: आधी नळीत दारू, तिच्यावर गोळी, गजाने ठासायचं; मग बाहेरच्या वाटीत चिमूटभर दारू, तिच्यावर ठिणगी पडली की आतली पेटते. कुणालाही जमेल. खरी विद्या गोळीत आहे.

निकाल उत्साहवर्धक. दहापैकी चार कागदावर. भोकं गोल नसून लांबट पडली, म्हणजे गोळ्या कोलांट्या मारत गेल्या असं लोवेलचं म्हणणं. कागद स्वस्तातला होता असं माझं. एक गोळी लोवेलच्या थर्मासला लागली. थर्मास कागदापासून बऱ्यापैकी लांब होता.

८ नोव्हेंबर, शनिवार
स्वतंत्रपणे विचार करून मऊ शिसं वापरून बघायचं ठरवलं. योगायोगाने त्याच सकाळी लोवेलने जुन्या पाइपांचं मऊ शिसं आणून दिलं. नख लावलं की रेघ उठते.

वंगणासाठी मधमाशीचं मेण आणि मेंढीची चरबी. वितळवली ॲपल बटरच्या भांड्यात. गॅरेजला आता देवळासारखा वास येतो, मेंढी कापलेल्या देवळासारखा.

२२ नोव्हेंबर, शनिवार
पाच गोळ्या, पन्नास पावलं, पाचही बशीएवढ्या जागेत! लोवेल म्हणाला, बघ, शिसं. मी म्हणालो, कडी.

नंतर एकशेबारा गोळ्या तोलल्या आणि मोजल्या. कुठे वजन किंचित कमी, कुठे बूड तिरकं. निर्दयपणे बाद केल्या. उरल्या सात. सातही पाचशे एक थाऊ, एक थाऊही इकडेतिकडे नाही. नंबर घालून अंड्यांच्या खोक्यात ठेवल्या. चार नंबरची सगळ्यात देखणी.

अर्लेटाने विचारलं, हरणं किती मारायचीत? म्हटलं, एक. मग ती म्हणाली, हरणाला सांगितलंयस का की तू त्याच्यासाठी एवढं केलंयस?

मापाची गोडी लागायला स्वभाव लागतो.

६ डिसेंबर, शनिवार
कळलं ते असं. क्लेटनची पुतणी ट्रेसा यंदा पाहुणी म्हणून येतेय. दातांच्या डॉक्टरकडे काम करते. आयुष्यात पहिल्यांदा ठासणीची बंदूक घेतली आणि दुकानातून गोळ्यांचा तयार डबा. पाहुणे दोन, बंक एक.

तिला फोन करून गोळीच्या मापाबद्दल अर्धा तास समजावलं. शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाली, मी तीन बार काढून पाहिले, तिन्ही ॲपल पायच्या थाळीला लागले, मग घरी आले.

नवशिक्यांचं नशीब. काळजीचं कारण नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार
अर्लेटाने नाताळला लोकरीचा लाल चौकड्यांचा शर्ट दिला. कॅम्पवर जुना घाल, म्हणाली. मी नवाच घेतला. माझ्या शर्टाला सुरी लागणार नाही, हे तिला सहा वर्षांत कळायला हवं होतं.

२६ डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळ
बर्फ घोट्यापर्यंत. सकाळी नऊला ट्रेसाने चाळीस पावलांवरच्या हरणीवर बार काढला. चुकली. साफ.

मला वाईट वाटलं. म्हणजे वाटायला हवं होतं. परत आल्यावर मर्लने तिच्या शर्टाचा सोगा कापला, क्लेटनने नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्क्रॅपलचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या वडीचा, पहिला तुकडा तिच्या ताटात. चुकल्याबद्दल! मी तिला सांगितलं की तिच्या डब्यातली गोळी मी मोजली, दोन थाऊ कमी आहे. ती म्हणाली, पण मजा आली.

बंक तिलाच द्या, असं मर्ल लगेच म्हणाला. क्लेटन माझ्याकडे बघून म्हणाला, उद्या डेलमारलाही एक दिवस मिळू दे. न्यायी माणूस.

भांडी घासली. उद्या शेवटची.

२७ डिसेंबर, शनिवार
लिहावं की नाही, विचार करतोय.

सकाळी अंगणात बंदूक भरताना ट्रेसा शेजारी होती. चार नंबरची गोळी तिच्या हातावर ठेवली. वजन बघ, बूड बघ, कड बघ. नळीत कशी जाते बघ, ना सैल, ना घट्ट. ठासली. रेशमासारखी गेली. बाहेरच्या वाटीत चिमूट टाकली आणि निघालो.

साडेदहा. हरणी आली. अठ्ठावीस पावलं, आडवी उभी. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझी खात्री झाली होती. चाप ओढला.

वाटीतली दारू भुर्रकन पेटली. बस्स. पुढे काही नाही.

हरणीने माझ्याकडे पाहिलं. पळाली नाही. वाटीत पुन्हा चिमूट टाकली. भुर्र. तिने हेमलॉकच्या झाडाची एक डहाळी खाल्ली. तिसऱ्यांदा भुर्र. त्यानंतर ती निघून गेली, चालत. मला वाटतं कंटाळून.

दुपारी कॅम्पवर क्लेटनने नळीत गज घातला. गोळी अगदी तळाला टेकलेली. त्याने मला विचारलं, दारू कुठाय?

मी दारूची डबी उघडून पाहिली, कालच्याइतकीच भरलेली. मर्ल म्हणाला, व्यसनमुक्तीची एकही मीटिंग न करता दारू सोडलेला हा काउंटीतला पहिलाच माणूस. पाच मिनिटं सगळे खिदळत होते. ट्रेसा तेवढी हसली नाही. ते जास्त लागलं.

मग मला नियम आठवला. शर्ट पँटमधून बाहेर काढला, सुरी मर्लच्या हातात दिली. म्हटलं, हरणावर नेम धरला, तीनदा चाप ओढला, हरीण पडलं नाही. याला चुकणं म्हणतात. कापा.

मर्ल क्लेटनकडे बघायला लागला. क्लेटनने चष्मा काढून पुसला. मनाला लागेल असं तो सहसा बोलत नाही, त्यामुळे वेळ घेतला.

"डेलमार," तो म्हणाला, "चुकायला आधी गोळी सुटावी लागते रे."

नळी मोकळी करायची होतीच. क्लेटनने बाजूच्या भोकातून थोडी दारू आत सारली, बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाला, सरपणाकडे धर. टप असा आवाज झाला. चार नंबरची गोळी दहा पावलांवर लाकडाला लागून बर्फात पडली. मी म्हटलं, बघा, सुटली.

"सुटली," क्लेटन म्हणाला. "नेम कशावर होता?"

"सरपणावर."

"मग लागला की."

गोळी उचलून मोजली. पाचशे एक. क्लेटनने ती बोटांत फिरवली, कडेवर नख फिरवलं. म्हणाला, साठ वर्षांत इतकी नेटकी गोळी पाहिली नाही. मनापासून म्हणाला. मीही मान डोलावली.

बंक ट्रेसाला मिळाला. तिची पिशवी जड होती, मीच उचलून खिडकीजवळ ठेवली. मग बारा माणसांची भांडी.

आता खाटेवर बसून हे लिहितोय. नवा शर्ट अंगावर आहे, अख्खाच्या अख्खा, आणि मला त्याची फार लाज वाटतेय.