कावळ्यासमोर दिलेला शब्द

नाना, आज तुमची तिथी होती. आईने गच्चीवर तुमचं पान वाढलं आणि मला जिन्यातच थांबवलं. "तू वर येऊ नको," म्हणाली, "तुला पाहून यायचे नाय ते." ते म्हणजे कावळे, आणि कावळे म्हणजे तुम्ही. मी चाळिशी उलटलेली बाई, इतकी वर्षं अमेरिकेत यंत्रांचे भाग डिझाईन करून आलेली, हातात कढीचं पातेलं घेऊन जिन्यात उभी. असा संताप आला म्हणून सांगू. स्वतःच्या बापाच्या पित्राला मी अपशकुनी कधीपासून झाले, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण उत्तर मला मागच्याच आठवड्यात मिळालं होतं, म्हणून गप्प राहिले.

तुमच्या त्या निळ्या सुटकेसपासून सांगायला हवं. माझ्या लहानपणी ती कपाटावर असायची, आत जुन्या गोधड्या कोंबलेल्या. ओझरच्या कारखान्यातून तुमची परदेशी ट्रेनिंगला निवड झाली तेव्हा तुम्ही ती मेन रोडवरून घेऊन आला होता म्हणे. मग आजीने अन्नपाणी सोडलं, "समुद्रापल्याड गेलास तर माझ्या मढ्याला खांदा कोण देईल" म्हणाली, आणि तुम्ही राहिलात. तुमच्या जागी जो गेला तो पुढे तुमचाच साहेब झाला. त्यावर तुम्ही घरात एक अक्षर कधी काढलं नाही. फक्त आजीच्या दहाव्याला, पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला आणि सगळे हात जोडत होते, तेव्हा तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "शिवणारच. तिचं काय राहिलं होतं?" मी कॉलेजात होते, मला हसू फुटलं. तुम्ही मात्र हसत नव्हतात, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

माझ्या व्हिसाच्या मुलाखतीला तुम्ही मुंबईपर्यंत आलात. आत फक्त मलाच सोडतील असं बजावलं होतं, तर म्हणालात, "मी कुठं आत येतोय? बाहेर तर उभं राहू देतात ना?" मला अजून दिसतं. रस्त्याच्या पलीकडे तुम्ही उभे आहात, इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलाय, एका हातात माझा मोबाईल, दुसऱ्या हातात माझी पाण्याची बाटली, कारण दोन्ही आत न्यायला बंदी. मी बाहेर येते. तुम्ही विचारता, "दिला?" मी म्हणते, "दिला." तुम्ही मोबाईल माझ्या हातात ठेवता, बाटलीतलं उरलेलं पाणी स्वतः घटाघटा पिता आणि म्हणता, "चल, आता मागं बघायचं नाही." घरी आल्यावर गोधड्या काढून सुटकेस गच्चीवर उन्हात ठेवलीत. "ही ने. चाकं नाहीत, पण मजबूत आहे." विमानतळावर सगळ्या दुनियेच्या बॅगा घरंगळत चालल्या होत्या आणि मी तुमचं ते धूड उचलून चालले होते. मनातल्या मनात तुम्हाला भरपूर शिव्या घातल्या.

पहिल्या दिवाळीला मी न कळवता आले. वाटलं, किती आनंद होईल. तुम्ही दार उघडलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "काढून टाकलं का?" नाही म्हटल्यावर, "मग आलीस कशाला? कागद पक्के होईपर्यंत तिथून हलायचं नाही." आईने पुढे दोन दिवस तुमच्याशी बोलणं टाकलं होतं. मीही करंजी न खाता झोपले. कागद पक्के होणं म्हणजे काय हे तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. आपल्या लोकांची त्या कायमच्या ग्रीन कार्डाची रांग एवढी लांब असते की माणसं तिच्यात म्हातारी होतात. तोवर दर काही वर्षांनी व्हिसाची मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि दर वेळी आपली कंपनी आपल्यासाठी पुन्हा सही करेल ना, ही धाकधूक. भाड्याच्या घरात आपण भिंतीला खिळा ठोकताना बिचकतो, तसंच सगळं आयुष्य गेलं.

तुम्ही गेलात तेव्हा माझी मुदतवाढ अडकलेली होती आणि पासपोर्टावरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली. कंपनीची वकील भली बाई होती. म्हणाली, "तू जाऊ शकतेस, तुला कोणी अडवत नाही. परत येता येईल का, ते मात्र मी सांगू शकत नाही." मी विमानाचं तिकीट काढलं आणि रद्द केलं. तुम्हीच सांगितलं होतंत ना, हलायचं नाही म्हणून. त्या आठवडाभर मी तुमचंच वाक्य तुमच्या तोंडावर फेकत होते, आणि तुम्ही ऐकायला नव्हतात.

दहाव्याला रामकुंडावर चुलत भावाने माझ्यासाठी फोन धरला होता. शेजारच्या पिंडांवर कावळे तुटून पडत होते आणि तुमच्याकडे एकही फिरकत नव्हता. काका पुढे झाले. "दादा, वहिनींना अंतर देणार नाही." काही नाही. "घराच्या वाटण्या करणार नाही." काही नाही. गुरुजींच्या मागे दुसरी मंडळी ताटकळत होती, ते चुळबुळ करायला लागले. मग काकांनी आवाज चढवला, "दादा, पोरगी परत येईल. नोकरी सोडून कायमची येईल." तेवढ्यात भावाच्या फोनची बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. बऱ्याच वेळाने मेसेज आला, "शिवला." एवढंच.

झालं. माझ्या नावाने कोणीतरी शब्द दिला आणि तुम्ही तो पदरात घेतला, असं मी धरून चालले. दर मुदतवाढीला वाटायचं, आता बस, आता जायचं. आणि दर वेळी राहायचे. आई फोनवर एकदाही म्हणाली नाही की ये. पिंपळगावची द्राक्षं यंदा गोड निघाली हे सांगायची, पाणी दोन दिवस नव्हतं हे सांगायची, पण 'ये' हा शब्द तिच्या तोंडून आला नाही. मला वाटायचं, दहाव्याला आले नाही ते मनात धरून बसलीये. धरू दे, म्हणायचे, मीही तिचीच लेक आहे, मीही धरेन.

मागच्या वर्षी कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर देश सोडा, असा तिथला नियम. मला मिळाली होती, नाना. ते लोक व्हिसाचे सगळे कागद करायला तयार होते. मीच नाही म्हटलं. त्यांना वाटलं पगार कमी पडला. आता त्यांना कावळा कसा समजावून सांगणार? घर आवरलं, तुमची सुटकेस भरली आणि आले.

आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. ओवाळून टाकता टाकता तिने विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "कायमची." तिचा हात तसाच थांबला. गल्लीत काकांनी सांगत सुटायचं ते सुटलेच, पोरीने बापाला दिलेला शब्द पाळला म्हणून. शेजारणी येऊन माझ्या गालावरून बोटं मोडून गेल्या. आई मात्र महिनोन् महिने माझ्याशी कामापुरतं बोलत राहिली. जेवायला वाढायची आणि आत जायची.

मागच्या आठवड्यात गवार निवडताना माझा बांध फुटला. म्हटलं, "शब्द होता म्हणून आले. मग तुझं तोंड का वाकडं?"

"कसला शब्द?"

"काकांनी दिला तो. त्यावरच शिवला ना कावळा?"

आईने गवार खाली ठेवली. "त्याच्यावर कुठं शिवला? तुझा काका घसा बसंस्तोवर वरडला, एक बी हालला नाय. मग मी म्होरं झाले. म्हणलं, तिला मी माघारी बोलवणार नाय. माझं काय बी होवो, बोलवणार नाय. तसा आला अन् शिवला." मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डोळ्याचं आपरेशन केलं, कंबर धरली व्हती तव्हा लय हाल झाले, तुला कळू दिलं नाय. येवढी वर्सं पाळला शब्द. अन् तू आपली आपण आली."

मला तुमचा राग आला, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर तुम्हाला तुमच्या आईने अडवलं, म्हणून तुम्ही मेल्यावरही माझ्या आईचं तोंड शिवून टाकलंत. तिला लेक हवी होती हो. दुखण्यात कुणीतरी कंबर शेकायला हवं होतं. आणि मी तिकडे दर रविवारी फोनवर तिच्या तुटकपणाचा हिशोब मांडत बसले होते. तिने विचारलं, ती दुसरी कंपनी अजून घेईल का? म्हटलं, मुदत कधीच संपली, आता नव्याने कुणी माझ्यासाठी उभं राहिलं तरच. "मग शोध," म्हणाली, आणि पुन्हा गवार निवडायला लागली.

तर आज मी जिन्यात होते. वरून तिचा आवाज येत होता, शेजाऱ्याशी बोलावं तसा. "तिचं चुकलं. पोर हे, समजून घ्या. मी धाडते तिला परत." मग बराच वेळ काही नाही. माझे हात पातेल्याने भरून आले होते. मग पत्रावळ खरखरली आणि पंख फडफडले.

आई खाली आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा होता. मी आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याकडे पाहून हसली. "शिवला," म्हणाली, "आण ती कढी, गार झाली आसंल." मला जवळ बसवून तिने खीर वाढली, वडे वाढले, नको म्हणताना अजून एक वाढला. जेवण झाल्यावर सुटकेस स्वतः ओढत वर नेली आणि उन्हात उघडून ठेवली.

हे सगळं तुम्हाला गच्चीवर जाऊन मोठ्याने सांगितलं असतं, पण आईला ऐकू गेलं असतं. म्हणून लिहिलं, आणि आता घडी करून कपाटात ठेवतेय. एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. काकांनी शब्द दिला नसता तरी मी त्या नोकरीला नाहीच म्हटलं असतं. मला घरी यायचं होतं, नाना. आज पोटभर जेवले, आई शेजारी बसली होती, आणि ती हसली ते मी जाणार म्हणून.