किती वाफ्यांनी तेल बदलायचं

राणीसावरगाव,
माघ, सन १९५६

प्रिय आबा,

दरवेळी मी 'तीर्थरूप' लिहिते आणि तुम्ही ते पत्र ओट्यावर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवता. मला ठाऊक आहे, कारण किशनराव काकांनी दिवाळीत माझ्याच पत्रातली वाक्यं मला म्हणून दाखवली होती. म्हणून आज मुद्दाम 'प्रिय' लिहिलंय. हा शब्द बघून तुम्ही चपापाल, इकडेतिकडे बघाल आणि पत्र घेऊन आत जाल. तसंच करा, आबा. हे एकट्यानं वाचा. आईला मग तुमच्या शब्दांत सांगा, तुमच्या शब्दांत ते जरा कमी वाईट वाटेल.

तुमचं कार्ड परवा मिळालं. शिवरात्र झाली की तुम्ही आणि काका परभणीहून आगगाडीनं गंगाखेडला उतरणार, मी स्टेशनवर मोटार पाठवायची, आणि काकांना मागच्या सीटवर बसवून इथपर्यंत तुम्ही स्वतः चालवत येणार. खाली नेहमीचा प्रश्न आहेच : मैल किती झाले, तेल बदललं का? कार्ड वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमचे जावई विचारत होते, "काय लिवलंय आबांनी?" मी म्हटलं, येणार आहेत. त्यावर ते उगीच बैलांच्या दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागले. आबा, मोटार स्टेशनवर येऊ शकत नाही. का येऊ शकत नाही ते आजवर तुम्हाला सांगितलं नाही, आणि आता सांगायचं तर तुमचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

तो चेहरा मी मोटारीपाशीच जास्त पाहिला आहे. पोलीस अ‍ॅक्शननंतर जिंतूर सोडून गेलेल्या त्या तहसीलदाराची मोटार तुम्ही घेतलीत तेव्हा आई म्हणाली होती, घरात सवत आणली. तिचं काय चुकलं? आईनं केलेल्या वरणाचा तुम्ही कधी वास घेतला नाहीत, पण मोटारीचं तेल सळईवरून अंगठ्यावर घेऊन, बोटानं चोळून, नाकाशी नेऊन बघायचात, अगदी अत्तराच्या दुकानात बसल्यासारखे. पुस्तकात हजार मैलांनी बदला असं होतं. परभणीचा मिस्त्री म्हणायचा, काळं झालं की बदला. तुम्ही दोघांनाही वेड्यात काढलंत. पुस्तक विलायतेत लिहिलंय, तिथं आमच्या जिंतूरची धूळ न्हाई, म्हणून पाचशे मैल. आणि काळं झालं म्हणून भ्यायचं नाही, पातळ झालं की भ्यायचं. हे सगळं तुम्ही मला का सांगत होतात, देव जाणे. मुलीच्या जातीला काय करायचं, असं आई म्हणायची. मी मात्र मडगार्डला टेकून ऐकत राहायची, आणि मला ते अजून सगळं पाठ आहे.

आणि तीच मोटार तुम्ही माझ्या लग्नात देऊन टाकलीत. माझं वय वाढत चाललं होतं, दोन ठिकाणांहून नकार आले होते, आणि इकडच्या मंडळींनी बोलण्याच्या ओघात नुसतं म्हटलं, की जावयाला मोटार शोभून दिसेल. तुम्ही एकदाही मागेपुढे पाहिलं नाहीत. निघताना मला जवळ घ्यायच्या आधी तुम्ही बॉनेट उघडून तेल पाहिलंत. सगळे हसले. मी हसले नाही, कारण तेल ठीक असूनही तुम्ही सळई पुन्हा पुन्हा पुसत होतात. त्या दिवसापासून तुम्ही बाजाराला पायी जाता, हे मला आई कधी सांगत नाही. पण प्रत्येक पत्रात तुमच्या चपलांचे अंगठे तुटल्याची बातमी असते, त्यावरून मला कळतं. तुमच्या मोटारीत बसून मी सासरी आले आणि तुम्ही पायउतार झालात. हे मनातून कधी गेलंच नाही.

पहिला उन्हाळा बरा गेला. हे हौसेनं चालवायचे, गंगाखेडच्या बाजाराला आत्याबाईंना मागे बसवून न्यायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या पदर घट्ट धरून डोळे मिटून बसायच्या आणि उतरल्यावर सगळ्यांना सांगायच्या, लय सुख हाय. मग पाऊस लागला. आमच्या काळ्या मातीत बैलाचा पाय रुततो, तिथं मोटारीचं काय? शेताच्या पांदीत ती अशी रुतली की चार बैल लावून ओढून आणावी लागली, आणि गावभर हसू झालं. तेव्हापासून ती गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली. आत्याबाई टपावर मिरच्या वाळत घालायला लागल्या. मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसली, तिला कोणी उठवलं नाही.

तुमची पत्रं मात्र यायचीच : मैल किती, तेल बदललं का? मला खोटं लिहवेना आणि खरंही लिहवेना. मग मी एक केलं. आमचा सालगडी आश्रुबा आहे, त्याला खाली झोपवून, कुठला नट सोडायचा ते वरून सांगून, उभ्या मोटारीचं तेल बदलून घेतलं. काढलेलं तेल त्यानं आनंदानं बैलगाडीच्या आसाला घातलं. आणि मी तुम्हाला लिहिलं, तेल बदललं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मैलांचं मी लिहिलं नाही, आणि तुम्ही भोळे, उलट टपाली लिहिलंत की पोरीनं नाव राखलं. ते वाचून मला जेवण गेलं नाही. तरी पुढच्या वेळी मी पुन्हा तेच केलं.

या साली परतीचा पाऊस आला नाही, ते तुमच्याकडेही झालंच आहे. विहिरीला पाणी होतं, पण दिवाळीहून मी परत आले त्याच आठवड्यात मोटेचा एक बैल बसला तो उठलाच नाही. दुसरा एकटा काय ओढणार? गहू वीतभर येऊन पिवळा पडायला लागला. हे संध्याकाळी ताटावर बसायचे आणि भाकरी कुस्करून तशीच ठेवून उठायचे. आबा, आता नीट वाचा. त्यांनी मागितलं नाही. आत्याबाईंनी सुचवलं नाही. भाकरी वाढता वाढता मीच म्हणाले, "मोटारीचं इंजिन हाय की. काढून विहिरीवर बसवा." ह्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "येडी का काय? आबांनी जीव तोडून दिलेली मोटार हाय. त्यांना काय तोंड दाखवायचं?" मी म्हटलं, आबांना मी सांगते. परभणीहून मिस्त्री आणला, त्यानं इंजिन उचकटून विहिरीच्या काठावर लाकडाच्या ओंडक्यांवर बसवलं, पट्ट्यानं पंपाला जोडलं. आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. दर टपालाला हे विचारतात, "लिवलं का आबांना?" आणि मी म्हणते, पुढच्या खेपेला. तुम्ही त्यांना कधी मनातून चांगलं म्हटलं नाहीत, मोटार मागणारा जावई म्हणूनच पाहिलंत. या एका गोष्टीत त्यांचं मन माझ्यापेक्षा स्वच्छ आहे, एवढं माझ्यासाठी ध्यानात ठेवा.

इंजिन काढलं याचं मला दुःख झालं, असं मी लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं. खरं असं आहे की पंपाच्या तोंडातून पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा मी लहान पोरीसारखी हसले. पदर सावरायचं भान राहिलं नाही. सासूबाईंसमोर चिखलात उतरले, वाफ्याचं तोंड स्वतः फोडलं, पाणी पायांवरून गेलं. गहू आता कमरेला लागतो. त्या दिवशी मी इतकी खूश होते, आबा, की मला तुमची आठवणसुद्धा झाली नाही. दिवसभर झाली नाही. संध्याकाळी छपरात गेले, बॉनेट उघडंच होतं, आत नुसता खड्डा, आणि तेव्हा तुम्ही आठवलात. इंजिन काढलं ते मी दहा वेळा समजावून सांगू शकते. हे मात्र मला कोणाला समजावता येत नाही.

तरीही हे पत्र मी आणखी लांबणीवर टाकलं असतं. पण आता इंजिनाचा प्रश्न आहे. मिस्त्रीनं सांगितलं तसं ते पेट्रोलवर चालू करून मग घासलेटावर टाकतात, पेट्रोल परवडत नाही. आणि गंमत अशी की तेल कमी होत नाही, वाढतं. सळईवर खुणेच्या वर चढलंय. आत्याबाईंनी तर इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. आश्रुबा बाजारात सांगत फिरतो, "आमच्या विहिरीवर बरकत हाय, तेल बी वाढायलंय." हे म्हणतात, "वाढायलंय ते कोण ओतून टाकतंय?" सगळं घर खुशीत आहे आणि मी एकटी घाबरले आहे. काल सळई काढून तेल अंगठ्यावर घेतलं, तुमच्यासारखं चोळलं. ताकासारखं पातळ. नाकाशी नेलं तर नुसता घासलेटाचा वास. मला वाटतं घासलेटच खाली उतरून तेलात मिसळतंय, पण मी सांगितलं तर कोण ऐकतं? माझं कधी ऐकलं होतं ते एकदाच, आणि ते इंजिन काढायच्या वेळी. गहू निसवलाय, ओंब्या बाहेर पडल्यात. आता इंजिन जाम होऊन बसलं तर मोटारही गेली आणि गहूही गेला, आणि दोन्ही मी घालवले असं होईल.

म्हणून लिहिते आहे. तुम्हाला खोटं कळवून योग्य उत्तर मिळणार नव्हतं, आणि मैल तर आता होतच नाहीत. एका जागी उभं राहून ते दिवसभर धापा टाकतं, वाफ्यामागून वाफा भिजवतं. पाचशे मैलांचा हिशेब तुम्ही मला शिकवलात, पण किती वाफ्यांनी तेल बदलायचं, ते मला येत नाही. गंगाखेडला मोटार येणार नाही, बैलांची दमणी येईल. नवी गादी घालायला सांगितली आहे, हे स्वतः हाकत आणतील, आणि काकांना काय सांगायचं ते तुम्ही गाडीत बसल्यावर ठरवा. रागावून परत जिंतूरची वाट धरलीत तरी माझा काही हक्क नाही. पण आलात तर घरी येण्याआधी विहिरीवर या. तेल बघा, ह्यांना तुमच्या तोंडून सांगा, ते ऐकतील. बोलायचं ते मला तिथंच बोला, मी मान खाली घालून ऐकेन. मला अजून मूल नाही, म्हणून लेकीच्या घरचं पाणी चालत नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात आलात तेव्हा तुम्ही जिंतूरहून भरून आणलेला तांब्या संपल्यावर तसेच तहानलेले परत गेलात. मी दाराआडून बघत होते. आता विहिरीतून पाणी तुमची मोटार वर काढते, आबा. ते माझ्या घरचं नाही, तुमचंच आहे. ओंजळभर तरी प्या.

तुमचीच,
दैवशाला