मुलाखतीत बिरदेवाचं नाव

आबा, बेंगळुरूहून तुमच्या राणीचा दंडवत.

मी बरी हाय. आईचा गुडघा कसा हाय?

काल इथल्या ख्रिस्ती विद्यापीठात स्कॉलरशिपची मुलाखत झाली. मैत्रिणीनं बजावलं हुतं, "चर्चला जाते म्हणून सांग, न्हाईतर शिक्षण सुटंल." मुलाखत घेणाऱ्या फादरनी तेच विचारलं, चर्चला जातेस का. पण खोटं तोंडातून निघंना. म्हणलं, "आमी धनगर, बिरदेवाची माणसं." त्यांनी माझा अर्ज परत चाळला. मला रडूच यायला लागलं. मग फादर म्हणाले, "देव बघून आम्ही स्कॉलरशिप देत नाही."

आज मिळाल्याचं कळलं.

पण आबा, आता दुसरंच भ्या वाटतंय. वडूजच्या बाजारात कुणीतरी म्हणंल, ख्रिस्त्यांच्या पैशावर शिकून धनगराची पोरगी बाटली. आई ऐकून जेवायची न्हाई. तवा तुमी माझ्या बाजूनं बोलाल न्हवं?

तुमचीच,
राणी