आईची खुर्ची ढकलणारी

मंत्रीसाहेब, म्हणजे आमचे धाकटे,

"बाहेरच्यांनी आपल्या नोकऱ्या खाल्ल्या" या तुझ्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. अभिनंदन. आईला सांभाळणाऱ्या बाईंना तुझ्या नव्या कायद्याने सीमेपलीकडे धाडलं. त्यांनी 'खाल्लेली' नोकरी आता मोकळी आहे. दुप्पट पगाराची जाहिरात दिली, पण आपल्यातलं काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

अर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. मागणी-पुरवठ्याचा धडा आता आईला कुशीवर वळवताना गिरवते आहे. माझी कंबर मोडते, तिच्या पाठीची जखम चिघळते, आणि ती हाका मारते त्या बाईंना.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुझी माणसं यातलं आईचं दुखणं तेवढं भाषणात वापरतील.

परवा फोनवर म्हणालास, "अक्का, लोकशाही आहे. लोकांनी कौल दिलाय."

खरंय. आईनेही दिला. मी तुला मत द्यायचं नाही म्हणून घरीच बसले होते. मतदान केंद्राच्या चढावर तिची चाकांची खुर्ची ढकलली ती त्या बाईंनी. त्यांना स्वतःला मत नव्हतं. धापा टाकत म्हणत होत्या म्हणे, "चला आजी, आपल्या लेकाला निवडून आणायचंय ना?"

तुझी,
अक्का