कच्ची जखम

नगर,
१२ डिसेंबर १९९६

चि. प्रज्ञास,

आईचा जय भीम आणि आशीर्वाद. प्रशांतरावांना आणि तुझ्या सासूबाईंना जय भीम सांग. कोपरगावला थंडी फार असेल. सातवा सरत आला, आता भरलेले हंडे उचलू नकोस. शेजारच्या रंगुबाईंनी बाळासाठी दुपटी शिवलीत, मऊ लुगड्याची. बाबा आता बरे आहेत.

मागच्या पत्रात ‘बाळंतपण तिकडेच होऊ दे’ एवढंच लिहिलं. कारण दिलं नाही म्हणून तुला राग आला. सासूबाईंच्या कानावर गेलंय म्हणे, की बाबांना टीबी झाला. तसं नाही गं. पण टीबीच्या गोळ्या चालू आहेत, हे खरं आहे. आणि हे पत्र मी घरून नाही, दवाखान्यातून लिहिते आहे.

ऑक्टोबरात बाबांच्या मूत्राशयातली गाठ दुर्बिणीनं काढली, तेव्हा साधी गाठ म्हणून कळवलं होतं. ती कॅन्सरची होती. पुन्हा उगवू नये म्हणून डॉक्टरांनी मूत्राशयात लस सोडायचं ठरवलं. टीबी होऊ नये म्हणून तान्ह्या बाळांच्या दंडावर टोचतात, तीच. तिच्यात टीबीच्याच जातीचे, दुबळे केलेले जिवंत जंतू असतात.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “लघवीला आग होईल, कणकण येईल. आत सूज येते, त्यातूनच लस काम करते. पण आधी जखम भरू द्या. कच्च्या जखमेतून जंतू रक्तात गेले तर जिवावर बेतेल.”

बाबांना धीर कुठला! डॉक्टरांनी विचारलं, “रक्त जातंय का अजून?”

“न्हाई साहेब, एकदम स्वच्छ हाय.”

मी शेजारीच बसले होते. मलाही ते खरंच वाटलं. आदल्या दिवसापर्यंत लघवी लाल होत होती, हे त्यांनी मलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

लस दिली त्याच संध्याकाळी हुडहुडी भरली. अशी, की खाट वाजायला लागली. ताप हटेना, डोळे पिवळे झाले. मला ओळखेनात, नुसतं तुझं नाव. जखमेतून रक्तात गेलेले लसीचे जंतू मारायला म्हणून त्या टीबीच्या गोळ्या.

शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, “पोरगी यायच्या आत सगळं उरकायचं हुतं गं.” मला इतका राग आला होता, तरी त्यांचं पांघरूण नीट केलं.

काल ताप उतरला. आज भाकरी मागितली. पण लस आता कायमची बंद. पुढच्या महिन्यात पुन्हा दुर्बिणीनं बघतील. गाठ आली असली तर मूत्राशयच काढायचं, मग लघवी पोटावरच्या पिशवीत. ते ऐकल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. “पिशवी लावून मला जगायचं न्हाई. आन् पोरीला काय कळवायचं न्हाई,” म्हणतात.

मी रोज समजावते. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.

डॉक्टरांना विचारून घेतलंय. जवळ बसल्यानं, बोलल्यानं तुला किंवा बाळाला यातलं काही लागत नाही. सासूबाईंना हे वाचून दाखव. बाळंतपण कुठं करायचं ते नंतर ठरवू. आधी एकदा ये. एकटी येऊ नकोस, प्रशांतरावांना बरोबर आण.

हे पत्र पेटीत पडल्यावरच मी त्यांना सांगणार आहे.

त्यांचं न ऐकता तुला लिहिणारी,
तुझी आई
जयमाला