राष्ट्रपतीले उत्तराची मुदत नाई

११ डिसेंबर
आज खाणीत तीनदा ब्लास्टिंग. अंगणवाडीत लेकरं झोपली होती, तिघं दचकून उठली, मंग साऱ्यायचा कोरस. डोकं उठलं.
घरी आली तं ओसरीत विठ्ठलभाऊ. पुनर्वसन समितीचे अध्यक्ष. कोरा कागद हातात असल्याबिगर येतच नाई हा माणूस. "कुंदाताई, तुमचं अक्षर मोत्यासारखं. या वेळी थेट राष्ट्रपतीले लिहा." लिहिलं. नेहमीचंच: गावाचं पुनर्वसन झालं, खालच्या ओळीची अठरा घरं यादीतून सुटली, नळ नाई, भिंतीले भेगा, खाण अंगणापाशी आली. शेवटी वि.भाऊ म्हणे, "टाका, २६ जानेवारीपर्यंत न्याय नाई भेटला तं आमाले इच्छामरणाची परवानगी द्या. इच्छामरण लिहिलं की पेपरवाले छापतातच." सारेच लिहितात असं. मीबी लिहिलं. मरायचं कोणाले आहे!
चहा पीत पीत सह्या झाल्या. त्रेचाळीस. बाबानं सही करायच्या आधी दोनदा वाचलं. चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

१५ डिसेंबर
पेपरात आलं. आतलं पान, खालचा कोपरा, पण आलं. वि.भाऊ खुश. बाबानं पेपर उघडला बी नाई.
जेवताना म्हणे, "कुंदा, राष्ट्रपतीले आपण आजवर खोटं लिहिलं नाई." म्हटलं, दर नव्या राष्ट्रपतीले तुमी अभिनंदनाचं कार्ड टाकता, त्यात काय खोटं लिहाल? हसले नाई.
छत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं या माणसानं. आमच्या घरी साल कोणी सांगत नाई, कितवा राष्ट्रपती ते सांगतात. बाबाचा जन्म पहिल्याच्या वेळचा. लगन सहाव्याच्या. मी सातव्याच्या. जमीन खाणीत गेली अकराव्याच्या वेळी. माझी सोडचिठ्ठी बारावीच्या वेळी. "पहिली महिला राष्ट्रपती झाली आन् तू घरी आली" म्हणत, जसं काय त्या बाईनंच सही केली! आई गेली चौदाव्याच्या पहिल्या वर्षी. आता पंधरावी. आदिवासी घरची लेक. बाबा म्हणते ही बाई पत्र वाचंल.

२ जानेवारी
आधार कार्ड शोधत होती. बाबाच्या वहीत कार्बन कॉपी सापडली. १८ डिसेंबरचं पत्र, बाबाच्या हातचं, रजिस्टरची पावती टाचणीनं लावून.
"मा. राष्ट्रपती महोदया, आमच्या निवेदनावरील त्रेचाळीसपैकी बेचाळीस सह्या आंदोलनाचा भाग म्हणून केलेल्या आहेत. या लोकांना मरावयाचे नाही. कृपया त्यांची नावे वगळावीत. माझे नाव कायम ठेवावे."
ते इच्छामरणाचं वाक्य माझं आहे. माझ्या अक्षरातलं. मोत्यासारख्या. आग लागो त्या अक्षराले.

३ जानेवारी
विचारलं. न विचारून कशी राहू?
"बाबा, हे काय आहे?"
"खरं आहे ते."
"आन् मी? मी कोणासाठी राहू इथी?"
मंग म्हणे, "जमिनीच्या वेळी लोकं सह्या करत नव्हते, कुंदा. मले बोलावलं. मी कागद वाचून दाखवला, जमीन द्या, साऱ्यायले घर भेटंल. शिक्का आहे म्हटलं, सरकारी लिहिलेलं खोटं नसते. माझ्या तोंडाकडं पाहून अंगठे दिले त्यायनं."
"तुमी फसवलं नाई, तुमीच फसले!"
"त्यायच्या भिंतीले काय फरक पडते?"
शिव्या दिल्या मी. बापाले. जन्मात पहिल्यांदा. शेजारची सुमनबाई धावत आली. बाबा मान खाली घालून होते, कोणाच्या तरी वर्गात उभं केल्यासारखे.

८ जानेवारी
वि.भाऊले सांगतलं, मदत करतील म्हणून. ते उलटे भडकले. "गुरुजीनं तं आंदोलनच बसवलं ना! बेचाळीस जण मरणार नाई, असं कोणी लिहून देते काय?"
म्हटलं, भाऊ, त्रेचाळिसाव्याचं काय?
तेव्हा उठून उभे झाले. जाताना म्हणे, ठाण्यात सांगून ठेवतो. जोडा घातला, मंग काढला, परत आत येऊन बाबाच्या पाया पडले. बाबा म्हणे, काऊन रे? वि.भाऊ जोडे हातातच घेऊन निघून गेले.

१५ जानेवारी
शेळी सुमनबाईकडं देऊन टाकली बाबानं. पुस्तकं शाळेत दिली. मले म्हणे, वरोऱ्याले बदली मागून घे, तिथी शाळा-दवाखाना जवळ आहे. एवढ्या शांतपणानं, जसं काय बाजाराले जाऊन राह्यले.
एकटं सोडत नाई. अंगणवाडीत सोबत नेते. म्हटलं, लेकरायले गाणी शिकवा. गाणी कायची! लेकरायले राष्ट्रपती शिकवून राह्यले. आज सुमनबाईची नात, साडेचार वर्षाची, हात उंच करून म्हणे, "तिसरे आन् पाचवे खुर्चीवरच गेले!" बाकी लेकरायनं टाळ्या वाजवल्या. मी मागं जाऊन रडून घेतलं. खिचडी खाली लागली तिकडं.

२१ जानेवारी
पाच दिवस. झोप नाई, भूक नाई. चुलीवर काय ठेवलं तेच आठवत नाई. वाटते जाऊन त्या राष्ट्रपतीच्या दाराशी बसाव, म्हणाव, बाई, एक "नाई" लिहा. फक्त नाई. दोन अक्षरं. माझा बाप तुमचं ऐकते, माझं ऐकत नाई.

२६ जानेवारी
सकाळी सातलाच पोलिसांची गाडी. साऱ्यायले ठाण्यात नेलं. दरवेळी नेतात, चहा देतात, झेंडा झाला की हमीपत्रावर सही घेतात आन् सोडतात. वि.भाऊ आन् बाकीच्यायनं पटापट सह्या केल्या.
बाबा अडले. मेश्राम हवालदार बाबाचाच विद्यार्थी. रडकुंडीले आला. "गुरुजी, दोन ओळी आहेत. आत्महत्या करणार नाही, बस."
"राष्ट्रपतीले एक लिहिलं, तुले दुसरं लिहू? तुले नववीत मी हेच शिकवलं काय?"
बाहेर झेंडा चढला. बाबा उठून उभे राह्यले, खिडकीतून सलाम केला. मी पाहून राह्यली. काय सुचलं मले, कसं सुचलं, माहीत नाई. म्हटलं, "बाबा, तुमी परवानगी मागितली ना?"
"हो."
"भेटली काय?"
"नाई."
"मंग परवानगी न भेटता करणारा माणूस कायद्यात बसते काय? अर्जदारानं उत्तर येईपर्यंत थांबाव की नाई? तुमीच सांगा, नागरिकशास्त्राचे मास्तर."
लय विचार केला त्यायनं. मंग बाबा म्हणे, "हे बरोबर आहे." पेन घेतला आन् लिहिलं: "मा. राष्ट्रपतींचे उत्तर येईपर्यंत मी काहीही करणार नाही." खाली सही, तारीख.
मेश्राम म्हणे, "किती दिवसात येते उत्तर?"
"घटनेत त्यायले मुदतच नाई." आन् बाबा सुरू झाले. पाचव्यापाशी रात्री आणीबाणीचा कागद आला, त्यायनं लगेच सही केली. सातव्यापाशी टपालाचं बिल आलं, लोकायची पत्रं उघडायचा अधिकार सरकारले देणारं. त्यायनं ना हो म्हटलं ना नाई. ठेवून घेतलं. संपलं बिल. अख्खं ठाणं ऐकून राह्यलं. कैदी बी.
परत येताना बाबानं भजे मागून खाल्ले.

६ फेब्रुवारी
जेवून राह्यले. दाढी करतात. अकरा वाजले की फाट्यावर जाऊन पोस्टमनची वाट पाहतात. आज मले म्हणे, सुमनबाईची शेळी व्याली म्हणते, पाहून येऊ. गेलो. दोन पिलं.
उत्तर नको येऊ. दिल्लीवाल्यायनो, तुमची जुनी सवय सोडू नका. अकराव्यापासून आम्ही लिहून राह्यलो, कधी कोणी धड उत्तर दिलं नाई. आता कायले द्याल?

१९ फेब्रुवारी
आलं.
बाबाले आज ताप होता म्हणून फाट्यावर गेले नाई. पोस्टमन अंगणवाडीत देऊन गेला. वर सिंहाचा शिक्का, बाबाचं नाव. पोस्टमन म्हणे, "अभिनंदन ताई, राष्ट्रपती भवन!"
उघडलं मी. बापाच्या नावाचं पत्र. सातव्यानं सरकारले जे करू दिलं नाई ते मी केलं.
तीन ओळी. आपले पत्र मिळाले. योग्य कार्यवाहीसाठी राज्य शासनाकडे पाठविण्यात आले आहे. यापुढील पत्रव्यवहार तिकडेच करावा. खाली कोण्या अधिकाऱ्याची सही.
हो नाई, नाई बी नाई. पण उत्तर आहे. दोनदा पाह्यलं, पानाच्या मागं बी पाह्यलं. लेकरायच्या वजनाच्या रजिस्टरात ठेवलं, शेवटच्या पानात.

२० फेब्रुवारी
चाचपून पाह्यलं. भाजी निवडता निवडता म्हटलं, "बाबा, समजा असं उत्तर आलं, की राज्याकडं पाठवलं. तं?"
बाबा म्हणे, "मंग समजायचं, वरून हात झटकले. वरचा माणूस म्हणजे शेवटचा. त्याच्या वर कोणी नाई. तुमचं तुमी पाहा, असा त्याचा अर्थ."
"आन् तुमी काय कराल?"
"लिहिलं तेच करायचं ना."
मेथी निवडत बसली मी. दांडे कोणत्या ढिगात, पानं कोणत्या, काही समजलं नाई. सगळी भाजी दांड्यासकट शिजवली. त्यायनं खाल्ली.

५ मार्च
पोस्टमनले हात जोडून सांगतलं, बाबाले बोलू नका. त्याले सारं सांगाव लागलं. म्हणे, "ताई, माझी नोकरी आहे." मंग म्हणे, "मी दिलं होतं, तुमी घेतलं होतं. पुढचं मले माहीत नाई." भला माणूस. पण फाट्यावर रोज बाबा त्याले विचारतात, आन् तो रोज मान हलवते. किती दिवस हलवंल?
बाबा वाळून राह्यले. ताप उतरला पण ताकद नाई. फाट्यापर्यंत दोनदा बसतात. दवाखान्यात न्याव म्हटलं तं म्हणे अकरानंतर जाऊ, पोस्ट येऊन जाऊ दे.

१८ मार्च
मेश्राम आला होता, सहज, चौकशीले. आन् बोलून गेला, "गुरुजी, आता ऑनलाईन दिसते. नंबर टाकला की कुठी अडकलं ते समजते." मुडद्या, तुले कोणी विचारलं होतं! चांगलं करायच्या नादात...
तो गेल्यावर बाबा मोबाईल पुढं करून, "पाह्य ना कुंदा." पाह्यलं मी. "निकाली" असं लिहिलं होतं. स्पष्ट. हिरव्या अक्षरात.
म्हटलं, "विचाराधीन दाखवते बाबा."
"विचार करून राह्यल्या म्हणजे," बाबा म्हणे. चेहरा उजळला. मले भिंतीवर डोकं आपटाव वाटलं.

२९ मार्च
आज सुमनबाईच्या मागच्या खोलीची भिंत पडली. कोणाले लागलं नाई, शेळी बाहेर होती. बाबा जाऊन उभे राह्यले. सुमनबाई त्यायले म्हणे, "गुरुजी, जाऊ द्या, तुमी कायले उभे उन्हात?" तिच्या मनात काही नव्हतं. पण बाबा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.
हा माणूस माझ्या हातातून जाऊन राह्यला. सांगून टाकू काय? म्हणू काय, उत्तर आलं, त्यायनं तुमाले राज्याकडं ढकललं, आन् मी म्हणते जगा? माझ्या म्हणण्यावर जगतील काय? सांगायची हिंमत नाई. लपवायची बी राह्यली नाई.

२ एप्रिल
सकाळी बाबा स्वतःच म्हणे, "स्मरणपत्र लिहू. माझा हात चालत नाई, तू लिही."
त्यायनं सांगतलं, मी लिहिलं. "महोदया, आपल्या कार्यबाहुल्याची कल्पना आहे. तथापि आमच्या निवेदनावर आपले उत्तर अद्याप प्राप्त झालेले नाही."
ते वाक्य लिहिताना पेन थांबला. बाबा म्हणे, "काय झालं? शब्द अवघड आहे काय?" म्हटलं, नाई. लिहिलं. त्यायनं वाचलं, सही केली, म्हणे, तुझं अक्षर आईसारखं आहे.
पोस्टात टाकलं तं दिल्लीत जुना नंबर काढतील, लिहितील, आम्ही तं केव्हाच उत्तर दिलं. न टाकलं तं बाबा पावती मागतील. पावतीचा माणूस आहे तो.

४ एप्रिल
माजरीच्या पोस्टात गेली. बाकावर बसून पाकीट उघडं ठेवून आणखी एक चिठ्ठी लिहिली. अंगणवाडीच्या वहीचं पान.
"मॅडम, तुमचं उत्तर आलं आहे. माझ्यापाशी आहे, बाबाले माहीत नाई. वरच्या पत्रात मी खोटं लिहिलं, त्यायनं नाई. आता पुन्हा उत्तर देऊ नका. राग आला तरी देऊ नका. आमची घरं तुमाले देता आली तं द्या, पण बाबाले पत्र पाठवू नका. ते वाट पाहून राह्यले, तोवर आहेत. त्यायची मुलगी."
दोन्ही कागद एकाच पाकिटात. रजिस्टर केलं. आधी कोणाच्या हातात जाईल, ते दोन्ही वाचंल की एकच, मले काय माहीत.
पावती बाबाले दिली. त्यायनं चष्मा लावला, तारीख पाह्यली, शिक्का पाह्यला. म्हणे, "पाह्यजो कुंदा, या वेळी नक्की उत्तर देतील."